बोअर क्रमांक सात

घरी मी 'जातो' म्हणते, 'बघायलोय' म्हणते.
आमच्याकडं बायकांचं क्रियापद असंच, अंगणात मांडी घालून बसलेलं.
अहवालात मात्र मी नसतेच:
नमुना घेण्यात आला.
रंगाची नोंद करण्यात आली.

उद्यमनगर, प्लॉट एक्केचाळीस.
शेड उतरवून झालंय, पत्रे भंगारात गेले.
दहा मजल्यांचा रंगीत बोर्ड आधीच उभा;
त्यावरच्या झाडांना मुळं काढायची चित्रकार विसरला.

ऑगर फिरवायचा, उपसायचा,
ताडपत्रीवर थर मांडायचे ओळीनं:
अर्धा फूट भराव, विटा, काच, चपलेचा एक अंगठा.
मग काळी रेती, ओतकामाची, जळलेली.
"कोअर बांधायला काकवी घालायचो,
उन्हाळ्यात मुंग्या आधी आमच्याकडं, मग गुऱ्हाळावर,"
बाबालाल मुल्लाणी सांगतात.
चौतीस वर्षं मोल्डर, आता त्याच जागेचे वॉचमन.
काकवीचा वास अजून येतो म्हणतात ते.
मला आला नाही.

नकाशावर सहा बोअर होते,
सारख्या अंतरावर आखलेले,
जसं काही इथं सगळं सरळ रेषेतच सांडलं असेल.
सहाही डोळ्याला बरे दिसले.
बिल्डरचे परडेकर खुशीत चहा सांगून आले.

तेवढ्यात मामूंनी काठी टेकली
बाभळीच्या तुटक्या बुंध्याशी.
"इथं हौद हुता, प्लेटिंगचा. वर माती ढकलून बुजवला.
कागदावर कधी चढलाच न्हाई,
मग उतरणार कुठनं?"

"टेंडर सहाचं आहे, मॅडम."
सातवा माझ्या पगारातून, मी म्हणाले.
(म्हणाले नाही खरं तर. नुसता पाना उचलला.)

साडेपाच फुटांवर माती पिवळी झाली.
हळदीसारखी वगैरे नाही, अहवालात उपमा चालत नाहीत.
पिवळी, एवढंच.
पण आप्पांच्या बनियनवर हाच रंग होता,
खारात भिजवून, दगडावर आपटून
आईच्या हाताला हरवणारा.
दोन गल्ल्या पलीकडं क्रोमच्या टाकीवर होते ते.
रविवारी आम्हाला जादू दाखवायचे:
एका नाकपुडीतून घातलेला दोरा
दुसरीतून बाहेर.
आम्ही टाळ्या वाजवायचो.
मोगरा, करपलेलं दूध, गॅसची नळी,
त्यांना सगळं सारखंच.

बरणी. झाकण. लेबल. बर्फाची पेटी.
बोअर ७, खोली १.७ मीटर, रंग पिवळसर.
शेरा या रकान्यात काही लिहिलं नाही.
शेरा दीड इंचाचा असतो.

मग पत्रं, बैठका, पुन्हा पत्रं.
एकदाच्या लॉऱ्या लागल्या, वर ताडपत्री आवळून,
पुण्याकडं गेल्या. तिथं खड्ड्याला अस्तर असतं,
आपली माती त्यात कायमची पाहुणी.
इकडं गारगोटीचा लाल मुरूम आला, नवखा,
पहिल्या आठवड्यात कुणाच्या चपलेला चिकटेना.
दहाचे आठ मजले झाले.
परडेकर माझा फोन उचलत नाहीत.
मामूंना नव्या गेटवर घेतलं नाही,
युनिफॉर्म मापाचा मिळेना म्हणे.
ते दिसतात कधी टपरीवर,
विचारतात, "निघाली का गं समदी?"
समदी या शब्दाला माझ्याकडं आकडा नाही.

दर तीन महिन्यांनी मी जाते.
लॉनच्या मधोमध लोखंडी टोपण, खाली पाइप, खाली पाणी.
नळी सोडते, बाटली भरते.
परवा सायकल टाकून एक पोरगं उकिडवं बसलं शेजारी.
"काय करायलाय?"
"पाणी बघायलोय."
"खराब हाय?"
"गेल्या खेपेपेक्षा बरं."

त्यानं वाकून पाइपला नाक लावलं.
"कसलाच वास येत न्हाई की!"

मी त्याला दंडाला धरून मागं घेतलं,
टोपण फिरवलं,
कुलूप दोनदा ओढून पाहिलं.